बिट्टूनाथाचा उजवा पाय

ज्या साली आमच्या अमृतला जुळ्या मुली झाल्या आणि घरात नाव मात्र एकच ठरलेलं होतं, त्या सालची, म्हणजे २०२३ ची ही हकिगत. जुळं आहे हे दवाखान्यात आधीच सांगितलं होतं. पण सुनेने ते आमच्या बयाबाईपासून लपवून ठेवलं. बयाबाई माझी थोरली बहीण. नवऱ्यामागं आमच्याकडेच राहते, आणि तिची दृष्ट लागते असा सुनेचा समज आहे. लपवायचं म्हणून कुणी घरात दुसऱ्या नावाचा विषयच काढला नाही. एकीचं नाव श्रावणी ठरलं, आणि दुसरीचं ठरवायला बसलो तेव्हा पाळणा बांधून झाला होता.

आमची वाडी लोहगडाच्या पायथ्याला. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं गड चढायला येतात, वर जाताना चहा पितात आणि उतरल्यावर पिठलं-भाकरी खातात. अमृतचा त्याचाच गाडा आहे. घर आणि गाडा एकाला एक लागून. माझी धाकटी मुलगी माधवी तीन वर्षं खंडाळ्याच्या एका बंगल्यात राजेश्वरीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंची देखभाल करत होती. त्या पावसाळ्यात बाईंना त्यांचा मुलगा बंगळुरूला घेऊन गेला. जाताना बाईंनी माधवीला आपलं पाखरू दिलं. पाखरू राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, आणि दोन्ही गालांवर शेंदरी गोल टिकली. विकणारे त्याला कॉकटेल म्हणतात. बाईंनी नाव ठेवलं होतं बिट्टू.

पिंजरा उचलायला मी गेलो होतो, म्हणून बाईंनी माधवीला काय सांगितलं ते मी या कानांनी ऐकलं आहे. त्या म्हणाल्या, "पाखराला घाम येत नाही, माधवी. त्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, आणि ते तेवढंच राखायला त्याला सारखी खटपट करावी लागते. गार वारा लागला की पिसं फुलवून गोळा होतो आणि एक पाय पोटात घेतो. पायावर पिसं नसतात ना, तिथून ऊब जाते. तो पाय दमला की दुसरा घेतो. आणि उकडलं की पंख अंगापासून लांब धरतो, चोच उघडतो आणि धापा टाकतो. पाय पोटात दिसला की घरात घे. चोच उघडी दिसली की सावलीत ने आणि पाणी शिंपड. एवढं केलंस की तो तुझ्या म्हातारपणापर्यंत बोलत बसेल."

बोलायचा म्हणजे शिट्टी घालायचा. माधवी दिसली की मान वाकडी करून दोन सूर काढायचा, आणि ती तेच दोन सूर परत काढायची. त्यांचं काय बोलणं व्हायचं ते त्यांनाच ठाऊक.

बारसं लांबत लांबत आषाढात गेलं. त्या दिवशी धुकं इतकं होतं की पाहुण्यांनी एकमेकांना आवाजावरून ओळखलं. घरात बायकांची गर्दी, चुलीवर घुगऱ्या, म्हणून कुणीतरी बिट्टूचा पिंजरा पडवीत नेऊन टांगला. आत्या या नात्याने माधवी पाळण्यापाशी वाकून उभी. श्रावणीच्या कानात नाव सांगून झालं, पाठीत धपाटेही खाऊन झाले. दुसऱ्या पोरीपाशी गाडी अडली. सुनेच्या माहेरची माणसं म्हणत होती ओवी. बयाबाई म्हणत होती भागीरथी, आमच्या आईचं नाव.

"आत्या, आताच्या पोरींची नावं अशी असतात का?" सून आतून बयाबाईला म्हणाली.

"मग काय करायचं? पोरीला इचारायचं?" बयाबाई म्हणाली, आणि रागाने तोंड फिरवलं ते पडवीकडे. तिथं बिट्टू धुक्यात पिसं फुलवून बसला होता. बयाबाईच्या बघता बघता त्याने उजवा पाय उचलला आणि पोटात घेतला.

बयाबाईने हात जोडले. "भागीरथी. उजवा दिला."

आमच्याकडे कुणाला कळायला वेळ लागला नाही. भैरोबाच्या देवळात कौल लावतात तो असाच. केरबा पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपण मनातलं विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, म्हैस, सगळं आम्ही तसंच ठरवत आलो. फरक एवढाच की पाकळ्या पडायला कधी कधी अर्धा दिवस जातो आणि इथं जागच्या जागी निकाल.

"आगं बया, त्याला थंडी वाजतीय," माधवी म्हणाली आणि पाळणा सोडून पिंजरा आत घ्यायला धावली. म्हणून नाव कानात सांगायचं राहिलं, ते बयाबाईनेच सांगितलं. ती मुलगी आज भागीरथी आहे. तिची आई तिला घरात ओवी म्हणते आणि बयाबाई आली की गप्प बसते.

पाहुणे आपापल्या गावी गेले तसा पाखराचा कौलही गेला. आठवडाभरात माणसं गाड्यावर चहाला येऊन उगाच पडवीकडे बघू लागली. पहिलं खरं गिऱ्हाईक नूरमहंमद. तो मळवलीच्या स्टेशनवरून पर्यटकांना जीपने वर आणतो. आमची दोस्ती जुनी. चहा बशीत ओतून तो म्हणाला, "भाऊ, आमच्यात असलं चालत न्हाई."

"मग सोड."

"सोडलंच की. पर तुमी तुमच्यासाठी काय इचारायला गेलाच, तर जाता जाता इचारा, जीनतला बारावीला सत्तरच्या वर पडतील का."

"तू इचार की. तुझी पोरगी."

"मी कसा इचारू? मी तर मानतच न्हाई."

मी विचारलं. बिट्टूने डावा पाय घेतला. नूरमहंमदने बशी खाली ठेवली, आणखी एक चहा सांगितला, तो संपेपर्यंत गडाकडे पाठ करून बसला आणि मग म्हणाला, "भाऊ, मगाशी तुमी नीट इचारलं न्हाई." मी परत विचारलं. तोवर पाखराचा डावा पाय गरम होऊन उजव्याची पाळी आली होती. नूरमहंमद खुश होऊन गेला.

यातूनच रीत पडली. मनासारखं आलं नाही की माणूस चहा घ्यायचा, जास्त मोठा प्रश्न असेल तर भजी घ्यायचा, आणि परत विचारायचा. अमृतने दुसरा स्टोव्ह घेतला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करा असं डॉक्टर म्हणत होते. मी विचारलं तर पाखरूही होय म्हणालं. मग मी थालीपीठ खाल्लं आणि दोघांचंही ऐकलं नाही.

शहरातली माणसं मागं राहिली असतील असं समजू नये. हिंजवडीत कंप्युटरवर बसणारा एक जण नोकरी सोडू का विचारायला दोनदा आला. गडावर जायचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. एका मुलीने बिट्टूचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं होतं की प्राचीन काळापासून इथं पक्षी कौल देतो. प्राचीन म्हणजे तेव्हा सव्वा महिना झाला होता.

एक वाद मात्र झाला. उजवा म्हणजे पाखराचा उजवा की बघणाऱ्याचा? यावर दोन मेहुण्यांत हातघाई व्हायची वेळ आली, कारण एकाच पायाने एकाला होय सांगितलं होतं आणि दुसऱ्याला नाही. शेवटी केरबा पुजाऱ्याला बोलावलं. केरबा तोवर या सगळ्यावर तोंड कडू करून होता. त्याच्या देवळात पाकळ्या चिकटवून घ्यायला कुणी येत नव्हतं. पण सल्ला विचारल्यावर त्याचा आवाज मऊ झाला. तो म्हणाला, "देवाचा उजवा तोच उजवा. आपण देवाकडं बघतो, देव आपल्याकडं बघत न्हाई." आणि पिंजऱ्याजवळ जाऊन त्याने बिट्टूच्या गालाकडे बोट केलं. "ह्यो शेंदूर कुणी लावला?"

कुणीच लावला नव्हता.

"जल्मतःच हाय ना? मंग हे पाखरू न्हाई. आणि हे भज्याच्या गाड्यावर टांगताय तुमी. देव भज्याच्या गाड्यावर बसतो का?"

"बसलाय की," अमृत म्हणाला. "तुमी बघताय न्हवं."

"देवळात आणा."

अमृत नाही म्हणाला. मग गावकीची बैठक झाली, आणि गाडाही देवळासमोर हलवायचा असं ठरलं तेव्हा अमृत होय म्हणाला. त्या दिवशी माधवी लोणावळ्याला गेली होती. बंगल्याचं काम सुटल्यावर तिला तिथं एका म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात काम मिळालं होतं. संध्याकाळी आली, पडवीत खिळा तेवढा होता.

भैरोबाचं देऊळ उघड्यावर आहे. विसापूरकडचा वारा सभामंडपात एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो, आणि जाताना समया विझवून जातो. तिथं बिट्टू दिवसभर पाय बदलत बसायचा. कौल असा झपाझप मिळायचा की केरबाला प्रश्न रांगेत लावावे लागले. माधवीने पिंजऱ्यावर बाईंनी दिलेली दुलई टाकली. केरबाने ती काढली. दुलईत पाखरू गरम झालं की दोन्ही पाय खाली सोडून झोपायचं, आणि माणसं ताटकळायची.

"थंडीत देव जागा ऱ्हातो," केरबा म्हणाला. "उबंला आला की निजतो. माणसासारखंच."

"माणसासारखंच हाय ना?" माधवी म्हणाली. "मग तुमी बसा हितं उघडं, सदरा काढून. बघू तुमी किती येळ कौल देताय."

लोक हसले. केरबाही हसला, पण दुलई परत दिली नाही. माधवी रोज संध्याकाळी लोणावळ्याहून येऊन आधी देवळात जायची, पिंजरा वाऱ्याच्या आड भिंतीला लावायची. सकाळी तो परत मध्यभागी असायचा. बिट्टू शिट्टी घालायचा बंद झाला होता. तिने दोन सूर काढले की मान तेवढी वाकडी करायचा.

श्रावणात तिने गावकीपुढं उभं राहून सांगितलं, माझं पाखरू मला परत द्या, नाहीतर ते या गारठ्यात मरेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मुलगी माझी. मी म्हणालो, तिचं तिला द्यावं. हेही सांगितलं की बाईंनी काय सांगितलं होतं ते मी ऐकलं आहे. कुणी नाही म्हणालं नाही. फक्त एक जण म्हणाला की एवढं आपण का डोकं चालवतोय, त्यालाच विचारू. ही कल्पना सगळ्यांना फार न्याय्य वाटली.

"ज्याला थंडी वाजतीय त्यालाच इचारताय व्हय, थंडीत ऱ्हातो का म्हणून?" माधवी म्हणाली.

"मंग कुणाला इचारायचं?" केरबा म्हणाला. "तुला?"

"व्हय, मला. पाखरू माझं हाय."

"देव कुणाचा नसतो बाई."

केरबाने घंटा वाजवली आणि विचारलं, "देवा, हितंच ऱ्हायचं का?" बिट्टूने उजवा पाय पोटात घेतला. लोकांनी हात जोडले.

माधवी जागची हलली नाही. "थांबा. चहा घेऊन परत इचारा. समदे तसंच करत्यात."

"देवाला दोनदा इचारत न्हाईत," केरबा म्हणाला.

"कवापासनं?"

"आजपासनं."

आणि खरंच तसा नियम झाला. अमृतचा चहा निम्म्यावर आला. बहिणीच्या बाजूने तो पहिल्यांदा बोलला तो त्या दिवशी, पण तेव्हा उशीर झाला होता.

माधवीने हार मानली नाही. तिने तळेगावहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. त्यांनी बिट्टूला हातात घेऊन छाती तपासली, वजन घटलंय म्हणाले, आणि मग सभामंडपात उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. पायात रक्ताच्या नळ्या कशा जवळजवळ असतात, गरम रक्त उतरताना गार रक्ताला ऊब कशी देतं, पिसं फुगवली की मध्ये हवा कशी अडकते आणि ती गोधडीसारखं काम कशी करते, सगळं सांगितलं. पाखराला घाम येत नाही हेही सांगितलं. माणसं डोळे न हलवता ऐकत होती. बयाबाई म्हणाली, "देवाला घाम येतच न्हाई. ते आमाला ठाव हाय."

डॉक्टरांनी तेच सगळं छापलेला एक कागद देवळाच्या खांबाला चिकटवला. मी वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे कुठं काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय माझा पाय निघत नाही. पहिल्या दिवशी मी तो कागद दोनदा वाचला. चौथ्या दिवशी वाचता येईना, कारण त्याला लोकांनी हळद-कुंकू वाहिलं होतं.

पण हे नंतरचं. डॉक्टर निघाले तेव्हा मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडून ते थांबले, म्हणाले, "आबा, माझी पिशवी राहिली बहुतेक," आणि परत देवळात गेले. पिशवी त्यांच्या खांद्यावरच होती. खांबाआडून मला दिसलं, ते पिंजऱ्यापुढं वाकून हळू आवाजात विचारत होते, यंदा बदली होईल का. बिट्टूने उजवा दिला. दिवाळीच्या आत त्यांची बदली झालीही, पार इंदापूरच्या पलीकडं. कुठं होईल हे त्यांनी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांच्या येण्याचा उपयोग झाला नाही असं नाही. देवाला थंडी बाधते एवढं गावाने मान्य केलं. फक्त त्यावरचा उपाय म्हणून देव घरी पाठवायच्या ऐवजी देवाला घर बांधायचं ठरलं. पुण्याच्या एका भक्ताला बिट्टूने फ्लॅट घे म्हणून सांगितलं होतं आणि त्या फ्लॅटचे भाव वाढले होते. त्याने पुढाकार घेतला. देवळाच्या अंगणात चारी बाजूंनी काच आणि वर पत्रा अशी खोली उभी राहिली. काच अशासाठी की लांबूनही पाय दिसावा. दाराला कुलूप, किल्ली केरबाकडे. काम होईपर्यंत पिंजरा आमच्या घरी चुलीपाशी होता. ते थंडीचे दिवस माधवीचे. बिट्टू अंगावर आला, पिसं चकाकली, आणि शिट्टी परत सुरू झाली. भागीरथी पाळण्यात पडल्या पडल्या ती शिट्टी ऐकून पाय झाडायची. बयाबाई म्हणायची, बघा, नाव ठेवणाऱ्याला वळखती.

माघ संपता संपता वाजतगाजत पिंजरा नेला. त्या दिवसापासून बिट्टूनाथ महाराज हे नाव पाटीवर आलं. प्राणप्रतिष्ठा करायला लोणावळ्याहून गुरुजी आले होते. प्राण त्यात आधीपासूनच होता, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

"पावसाळ्यात काच बरी हाय," माधवी मला म्हणाली. "पण उन्हाळ्यात आबा? वर पत्रा हाय. आत भाजून निघंल त्यो."

मी केरबाला सांगितलं. केरबा म्हणाला, "उन्हाळ्यापुरता घरी न्या म्हणताय? भाऊ, एकदा बसवलेला देव हलवत न्हाईत. आपला भैरोबा कवा उन्हाळ्याला महाबळेश्वरला गेला का?" मी म्हटलं, भैरोबा दगडाचा आहे. केरबाने कानांवर हात ठेवले. मीही घाबरून गालावर मारून घेतलं. बोलणं तिथंच संपलं.

ऊन वाढलं तसा नवा पेच आला. बिट्टूने पाय उचलणंच सोडलं. दोन्ही पाय दांडीवर, मान इकडं-तिकडं. कुणी म्हणालं देव मौनात गेला, कुणी म्हणालं गावात काहीतरी चुकलंय. केरबाने एकदा काचेवर गार पाणी मारून बघितलं. पाय उचलला गेला नाही, पण बिट्टू पंख पसरून त्या काचेकडच्या गजांना जाऊन चिकटला. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. माधवी सकाळी कामावर जाताना काचेच्या फटीतून पाण्याची वाटी भरून ठेवायची. दुपारपर्यंत ती रिकामी असायची. पत्र्यावर तिने पेंढा टाकला. जत्रा जवळ आली तेव्हा शोभेला बाधा येते म्हणून तो काढला.

जत्रा वैशाखी पौर्णिमेला. माधवीने सुट्टी मागितली होती, पण दवाखान्यात दोन बायका आजारी पडल्या म्हणून तिला अर्धाच दिवस मिळाला. इथं सकाळपासून रांग. काचेच्या खोलीत समया, उदबत्त्यांचे जुडगे, बाहेर दारापाशी नारळांचा ढीग. पिंजऱ्याला झेंडूचे हार इतके की आतलं पाखरू शोधावं लागत होतं. सगळ्या गावाचा प्रश्न एकच, की यंदा कौल परत कधी सुरू होणार.

दुपारी माणसं जेवून परत जमली तेव्हा पुढच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. बिट्टूने पंख अंगापासून लांब धरले होते. अंग बारीक केलं होतं, तुरा मागं पडला होता. आणि चोच उघडी होती. गळा भराभर हलत होता.

केरबाने दोन्ही हात वर केले. "गप ऱ्हावा. देव बोलायलाय."

मी पुढच्याच ओळीत होतो. ताशा थांबला. खेळणीवाल्यांनी पिपाण्या बंद केल्या. सगळी जत्रा गप्प झाली, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. पत्रा तापून आतल्या आत टकटक आवाज करत होता तेवढाच काय तो आवाज. बिट्टू एकदा माणसांकडे बघायचा, एकदा दाराकडे. बाईंनी खंडाळ्यात सांगितलेलं मला आठवत होतं, खांबावरचा कागदही आठवत होता. तरी मी नूरमहंमदच्या दंडाला धरलं होतं आणि कान पुढं केला होता. एवढी माणसं ऐकत असली की एकट्याने न ऐकणं अवघड असतं.

"भाऊ," नूरमहंमद माझ्या कानात म्हणाला, "त्याला धाप लागलीय की वो."

"गप," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने गर्दी हलली. माधवी येत होती. दवाखान्याचा निळा झगा अंगावरच होता. "बाजूला व्हा. त्याला उकडतंय. दार उघडा."

"थांब गं पोरी, बोलतोय त्यो."

"त्यो मरतोय," माधवी म्हणाली. "केरबाकाका, किल्ली."

केरबाने कमरेला चाचपलं. किल्ली तिथं नव्हती. जेवायला घरी गेला तेव्हा जत्रेसाठी नवं धोतर नेसला होता आणि किल्ली जुन्या धोतराला होती. घरी माणूस पाठवतो म्हणाला. माधवीने ढिगातला एक नारळ उचलला आणि काचेवर घातला. बायका ओरडून मागं सरल्या. आतून जी वाफ आली ती पुढच्या सगळ्यांच्या तोंडावर आली. नूरमहंमदने चष्मा काढून पुसला.

तिने हार ओढून काढले, पिंजरा उघडला, बिट्टूला बाहेर घेतलं आणि माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्याच्या पायांवर, पंखांखाली हळूहळू सोडलं. पिंपळाच्या सावलीत बसली. दोन सूर काढले. बिट्टूने मान वाकडी केली, तेवढीच. चोच मिटली नाही. थोड्या वेळाने गळा हलायचा थांबला.

मग एकेक जण बोलायला लागला, आणि वाद सुरू झाला तो देव शेवटी काय म्हणाला याचा. केरबाने स्पष्ट ऐकलं होतं, सुखी ऱ्हावा. बयाबाईने भागीरथी असं ऐकलं होतं. पुण्याच्या फ्लॅटवाल्याकडं व्हिडिओ होता. त्याने तो कानाला लावून ऐकला आणि म्हणाला की पत्र्याच्या आवाजामुळे नीट कळत नाही, पण विकू नको असं वाटतंय.

"तुला काय ऐकू आलं?" मी नूरमहंमदला विचारलं.

"मला काय येणार भाऊ? मी मानत न्हाई," तो म्हणाला. "पाणी मागत असंल."

समाधी बांधायची म्हणून केरबा आणि चार माणसं संध्याकाळी पाखरू मागायला आमच्या दारात आली. माधवी दारात उभी होती. ती म्हणाली, "देवाला इचारा, देऊ का." ते एकमेकांकडे बघत उभे राहिले आणि परत गेले. आम्ही दोघांनी त्याला घरामागं करवंदीच्या जाळीत पुरलं. तिथं वारा लागत नाही आणि दुपारचं ऊनही पोचत नाही. दुलई केरबाने तोवर परत दिली होती, ती तिने त्याच्याभोवती गुंडाळली.

काचेच्या खोलीत आता फोटो आहे, आणि रिकामा पिंजरा. वाऱ्याने पिंजरा उजवीकडं हलला तर होय, डावीकडं हलला तर नाही. फुटलेली काच मुद्दाम बसवलेली नाही.

बिट्टू नावाचा पाळीव पक्षी, आधी मुक्काम खंडाळा, नंतर आमची वाडी, २३ मे २०२४, गुरुवारी, वैशाखी पौर्णिमेच्या दुपारी, उकाड्याने मेला.